ऐकू येणे आणि उमगणे

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या घरी मूल जन्मले म्हणजे कोणीतरी वडीलधारा माणूस त्याला हातात घेतो आणि त्याच्या उजव्या कानात हळू आवाजात अजान देतो. ह्या जगात त्या बालकाने प्रथम ऐकावयाचे ते हे शब्द, अशी त्यामागची भावना. परंतु ती अजान त्या कानात खरोखर पोचली की नाही, हे आपण त्या दिवशी पाहत नाही आणि पुष्कळदा पुढची दोन-तीन वर्षेही पाहत नाही. माझा आजचा विषय तेथूनच सुरू होतो. कार्यक्रमपत्रिकेत तो "कॉक्लिअर इम्प्लांट आणि श्रवण" असा छापला आहे. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या घरातली आणि माझ्या वर्गातली आहे.

मी डॉक्टर नाही, बी. ए., बी. एड. झालेला मास्तर आहे. ह्या विषयाकडे मी वळलो त्याला माझ्या हातून घडलेली एक चूक कारण झाली, म्हणून ती आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. कानामागे एक लहानसे यंत्र, त्यातून निघालेली तार आणि डोक्याला चिकटलेली एक गोल चकती. त्याचे वडील मला म्हणाले, "सर, ऑपरेशन हो गया. अब सब सुनाई देता उसको." मी तो शब्द धरून चाललो. मधल्या सुट्टीत तो एकटा माझ्यासमोर असला की विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे नीट उत्तर देई. पण वर्ग भरला, पंखा सुरू झाला, शेजारच्या वर्गात पाढे सुरू झाले, की तोच मुलगा भलतेच उत्तर देई. एके दिवशी पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी विचारले एक, त्याने सांगितले दुसरेच. सारा वर्ग हसला. मी म्हणालो, "ऐकू येतं ना तुला? मग लक्ष कुठे आहे?" आणि त्याला तास संपेपर्यंत उभे केले. प्रार्थनेच्या वेळी सूर जुळत नाही म्हणून मागच्या रांगेत पाठविले, तेही मीच. दुसऱ्या दिवशी तो यंत्र न लावता आला. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "लगाया तो भी वैसाच होता, सर."

मंडळी, ह्या एका वाक्याने मला वाचायला बसविले. मी वाचले, त्या मुलाच्या वडिलांबरोबर एकदा तपासणीलाही गेलो, आणि जे समजले ते असे की त्या मुलाला ऐकू येत होते हे खरे, आणि त्याला समजत नव्हते हेही खरे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असतात, ते सांगण्याचा प्रयत्न करतो.

आपण ऐकतो ते बहुतेक सर्व आवाज मिश्र असतात. प्रयोगशाळेतला चिमट्यासारखा नादकाटा वाजविला तर त्यातून जवळजवळ एकच शुद्ध कंपन निघते. परंतु पेटीची एक पट्टी दाबली तर सेकंदाला समजा २०० कंपनांचा मूळ स्वर निघतो आणि त्याच्या जोडीला ४००, ६००, ८०० अशी वरची कंपनेही निघतात. सनई आणि बासरी एकाच स्वरात वाजल्या तरी आपण डोळे मिटून ओळखतो, कारण ह्या वरच्या कंपनांचे प्रमाण प्रत्येक वाद्यात निराळे असते. तबल्यासारखे चामड्याचे वाद्य सुरात का बोलते, ह्याचा शोध आपल्या सी. व्ही. रामन ह्यांनी घेतला व १९२० मध्ये तो प्रसिद्ध केला. मधल्या काळ्या शाईमुळे तबल्याची वरची कंपने मूळ स्वराच्या पटीत येतात, असे त्यांनी दाखविले. माणसाचा आवाजही असाच मिश्र. 'आ' आणि 'ई' एकाच सुरात म्हटले तरी ते वेगळे ऐकू येतात, कारण तोंडाचा आकार बदलला की कोणती कंपने मोठी व्हायची तेही बदलते.

हे मिश्रण सोडविण्याचे काम आपल्या कानाच्या आत चालते. तेथे गोगलगाईच्या शंखासारखा, अडीच वेढ्यांचा एक अवयव आहे, त्याला कॉक्लिया म्हणतात. आकाराने वाटाण्याएवढा. त्यात द्रव भरलेला असतो आणि एका पडद्यावर सूक्ष्म केस असलेल्या पेशींची रांग असते. मेंदूकडे बातमी पोचविणाऱ्या मुख्य रांगेत अशा सुमारे ३,५०० पेशी आहेत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, चिरक्या आवाजाला दाद देतात. आत टोकाकडच्या पेशी घोगऱ्या, खर्जातल्या आवाजाला. ह्या पडद्यावरच्या लाटा गेओर्ग फोन बेकेशी ह्या शास्त्रज्ञाने पाहिल्या आणि त्याबद्दल त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोठली पेशी हलली एवढेच सांगून कान थांबत नाही. खालच्या पट्टीतल्या आवाजात कंपन जसजसे येते, त्याच तालात मज्जातंतूही ठोके देतो. ह्या दोन साक्षी जुळवून मेंदू सूर ओळखतो. त्याचे एक उदाहरण तर आपल्या रोजच्या वापरातले आहे. जुन्या तारेच्या टेलिफोनवरून ३०० कंपनांच्या खालचा आवाज जातच नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० कंपनांचा, म्हणजे तो टेलिफोनवर येतच नव्हता. तरीही चाचांचा फोन आला की त्यांचा भरदार आवाज आपल्याला भरदारच ऐकू येई. वरच्या कंपनांवरून मेंदू नसलेला मूळ स्वर जागेवर बसवीत असे. निरोगी कानाची ही करामत आपण जन्मभर फुकट वापरतो.

आता यंत्राकडे येतो. ज्या मुलाच्या त्या केसाळ पेशीच निकामी आहेत, त्याला साधे श्रवणयंत्र पुरत नाही, कारण ते यंत्र आवाज मोठा करते आणि तो ऐकायला पेशीच नाहीत. इम्प्लांट त्या पेशींना वगळून पुढे जाते. कानामागचा भाग आवाज पकडून त्याचे पट्टे पाडतो. कातडीखाली बसविलेला भाग ते पट्टे विजेच्या बारीक ठोक्यांत रूपांतरित करतो, आणि शंखात सरकविलेल्या तारेवरच्या इलेक्ट्रोडमधून ते ठोके थेट मज्जातंतूला मिळतात. हे इलेक्ट्रोड यंत्राच्या बनावटीप्रमाणे बारा, सोळा किंवा बावीस असतात. साडेतीन हजारांच्या जागी फार तर बावीस!

आणि हे बावीसही खऱ्या अर्थाने बावीस नव्हेत. शेतकरी बांधवांना हे चटकन कळेल. आपण एका वाफ्यात पाणी सोडतो आणि बांध मुरमाड असला तर शेजारचे दोन वाफेही ओले होतात. शंखातला द्रव खारट, वीज सहज वाहून नेणारा. एका इलेक्ट्रोडची वीज शेजारच्या इलेक्ट्रोडच्या हद्दीत झिरपते. त्यामुळे बोलणे ओळखण्याच्या बाबतीत बहुतेक यंत्रधारकांना सात ते दहाच स्वतंत्र मार्गांचा उपयोग होतो, असे संशोधकांना आढळले आहे. शिवाय ठोक्यांचा वेग बहुधा ठराविक असतो, सेकंदाला शेकडो. म्हणजे मघाशी सांगितलेली तालाची साक्ष ह्या यंत्रात बव्हंशी गळून पडते.

एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर मूल बोलणे समजते तरी कसे? ह्याचा उलगडा एका सुंदर प्रयोगाने झाला. लॉस एंजेलिस येथे रॉबर्ट शॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये, चांगले कान असलेल्या माणसांना मुद्दाम बिघडवलेले बोलणे ऐकविले. वाक्यातला सर्व सूर काढून टाकला, त्याचे फक्त चार पट्टे ठेवले आणि प्रत्येक पट्ट्यात नळाच्या पाण्यासारखा खरखराट भरला. फक्त त्या खरखराटाचा चढउतार मूळ बोलण्याप्रमाणे राखला. थोड्या सरावानंतर शांत खोलीत त्या माणसांना जवळजवळ सर्व वाक्ये समजली. आवाजाचा चढउतार हा बोलण्याचा सांगाडा आहे. सांगाडा शाबूत असला म्हणजे मेंदू त्यावर मांस चढवितो. इम्प्लांट हा सांगाडा पोचविते, आणि तो चांगला पोचविते.

पण "शांत खोलीत" हे दोन शब्द विसरू नका. मी तेच विसरलो होतो. गोंगाटात आपण बोलणाऱ्याचा आवाज कशाने वेगळा काढतो? त्याच्या सुराने. दोघे एकदम बोलत असले तर एकाचा सूर धरून आपण दुसऱ्याला बाजूला सारतो, आणि गोंगाट क्षणभर कमी झाला की त्या फटीतून शब्द उचलतो. यंत्रातून सूरच अंधुक येतो, म्हणून हा धागा हाती लागत नाही आणि त्या फटींचाही फायदा फारसा घेता येत नाही. पत्र्यावरचा पाऊस आणि माझा प्रश्न त्या मुलाच्या कानात एकाच गोणीत भरून जात होते. मोठ्याने ओरडूनही उपयोग नाही. ओरडल्याने अक्षरे वेडीवाकडी होतात, स्पष्ट होत नाहीत.

अक्षरांचीही थोडी गंमत सांगतो. 'गडी' आणि 'गाडी' ह्यांत फरक लांबीचा आहे, तो यंत्रातून चांगला जातो. 'पान' आणि 'मान' हेही बरे ओळखू येतात. परंतु 'कान, पान, तान' किंवा 'ताक' आणि 'टाक' ह्यांत जीभ-ओठ कोठे टेकले एवढाच भेद असतो, आणि नेमका तो भेद बारीक कंपनांत दडलेला असतो. अरबी शिकविणारे मौलानासाहेब येथे बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. अशा मुलाची मद्द लवकर पक्की होईल, कारण ती लांबीची गोष्ट आहे. पण से, सीन आणि साद ह्यांचा भेद त्याला कानाने लवकर सापडणार नाही. त्याला समोर बसवून तोंड दाखवावे, मखरज हाताने दाखवावा, आणि घाई करू नये.

सुराचा अभाव आणखी एका ठिकाणी बोचतो. "खाना खाया." आणि "खाना खाया?" ह्यांत शब्द तेच, फक्त शेवटी आवाज वर जातो. हा चढ यंत्रावर ऐकणाऱ्यांना ओळखणे अवघड जाते. आवाजातला राग, थट्टा, लाड हेही काही अंशी सुरावरच चालते. आई रागावली की गंमत करते आहे, हे त्याला चेहरा पाहिल्यावाचून कळेलच असे नाही. मुलाकडे पाठ करून स्वयंपाक करता करता बोलणाऱ्या माता-भगिनींनी हे ध्यानात घ्यावे.

गाण्याचे तर विचारूच नका. निरोगी कानाला स्वरात शेकडा एक इतकाही फरक कळतो. पेटीवर लगतच्या दोन पट्ट्यांत शेकडा सहाच्या आसपास अंतर असते. यंत्र वापरणाऱ्यांपैकी काहींना एक-दोन पट्ट्यांचे अंतर ओळखू येते, काहींना सहा-सात पट्ट्याही कमी पडतात. ताल मात्र त्यांना जवळजवळ आपल्यासारखाच कळतो. शब्द आणि ठेका काढून नुसती चाल वाजविली तर ओळखीचे गाणेही ते बहुधा ओळखत नाहीत. ह्यावरून अशा मुलांना गाण्यात रस नसतो असे कोणी समजू नये. लहानपणीच यंत्र बसलेली मुले गाण्यावर मजेत नाचतात. त्यांनी दुसरा आवाज ऐकलेलाच नाही, त्यांच्या दृष्टीने हाच आवाज. मोठेपणी बहिरे झालेल्यांची स्थिती वेगळी. त्यांना जुना आवाज आठवतो, म्हणून पहिले काही महिने माणसे यंत्रमानवासारखी बोलतात असे ते सांगतात, आणि पुढे सवयीने मेंदू जुळवून घेतो. मी त्या मुलाला एकदा विचारले, "अजान ऐकू येते का?" तो म्हणाला, "येते. कोणती आहे ते कळतं, कोण देतंय ते नाही कळत." त्या दिवसापासून मी त्याला प्रार्थनेच्या पहिल्या रांगेत आणले आणि हातात खंजिरी दिली. ठेका तो चुकत नाही.

हे यंत्र कोणा एकाने एका दिवसात केलेले नाही. १९५७ मध्ये पॅरिसला, १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम हाउस ह्यांनी प्रयत्न केले, ते एकाच तारेचे. अनेक इलेक्ट्रोडचे यंत्र मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क ह्यांनी १ ऑगस्ट १९७८ रोजी एका रुग्णाच्या कानात बसविले. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना नीट ऐकू येत नसे. शंखाच्या वेढ्यात तार शिरेल कशी, हा प्रश्न क्लार्क ह्यांना समुद्रकिनारी एका शिंपल्यात गवताचे पाते सारताना सुटला. बुडाशी ताठ आणि शेंड्याला लवचीक असे पाते आत वळत गेले. आपल्याकडे मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने ह्यांनी ह्या शस्त्रक्रियेत मोठे काम केले; त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता पालकांसाठी सर्वांत महत्त्वाचे. ऐकण्याचा मेंदू वाट पाहत बसत नाही. अनू शर्मा ह्या संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले की साधारण साडेतीन वर्षांच्या आत यंत्र बसलेल्या मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद बहुधा निरोगी मुलांसारखा होतो, आणि जन्मतः बहिऱ्या मुलाला सात वर्षांनंतर यंत्र बसविले तर तसा क्वचितच होतो. तेव्हा "इसके चाचा भी देर से बोले थे" हे वाक्य आता आपण घरातून हद्दपार केले पाहिजे. पातेले पडले आणि मूल दचकले नाही, तर त्याच आठवड्यात दवाखान्यात जावे, बेरा तपासणी करावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी समाविष्ट आहे. अंगणवाडीत पथक आले की मूल लपवू नये. आपल्यात आणि इतर समाजांतही नात्यात लग्ने होतात; अशा घरांत जन्मजात बहिरेपणाची शक्यता काही प्रमाणात वाढते. हे कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही, तपासणी लवकर व्हावी म्हणून सांगतो.

खर्चाने घाबरू नये. केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेत २०१४ पासून पाच वर्षांच्या आतील मुलांसाठी इम्प्लांटची तरतूद आली, उत्पन्नाच्या अटी आहेत. त्याची मुख्य संस्था मुंबईत वांद्र्याला आहे, आणि तिचे नाव येथील बुजुर्गांना परके वाटू नये : अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. नवाब अली यावर जंग हे हैदराबादचे, म्हणजे आपला बीड जिल्हा ज्या राज्यात होता त्या राज्यातले. उस्मानिया आणि अलीगढ ह्या दोन्ही विद्यापीठांचे ते कुलगुरू होते, आणि १९७६ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल असतानाच त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये निघालेली ही संस्था त्यांच्या नावाने चालते.

परंतु शस्त्रक्रिया म्हणजे निम्मेच काम, आणि येथे आपल्या जिल्ह्याची अडचण उभी राहते. यंत्र बसल्यावर प्रत्येक इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची हे वारंवार जुळवावे लागते, आणि महिनोन्‌महिने मुलाला बोलणे शिकवावे लागते. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात ती उन्हाळ्यात परततात. कोपीत वीज नाही, बॅटरी चार्ज होत नाही, आणि ट्रॉलीवर कोठे चकती पडली तर ती फडात सापडत नाही. चार महिने यंत्र डब्यात राहते. मुलाच्या मेंदूला ते चार महिने परत मिळत नाहीत. अशा मुलाला मागे आजीजवळ ठेवता येईल का, त्याची सोय वसतिगृहात होईल का, ह्याचा विचार संस्थेने करावा, अशी माझी अध्यक्षसाहेबांना विनंती आहे. मी ती लेखीही दिली आहे.

आणि काही मुलांना इम्प्लांट बसविता येत नाही, किंवा वेळ निघून गेलेली असते. त्यांना भाषेवाचून ठेवू नका. खुणांची भाषा ही खरी भाषा आहे. तिच्यासाठी दिल्लीत २०१५ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र संस्था काढली आहे.

माझ्या वर्गापुरते सांगतो. तो मुलगा आता सातवीत आहे. त्याचा वर्ग रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या खोलीत हलविला, खिडक्यांना जुने पडदे लावले. मी फळ्याकडे तोंड करून बोलत नाही. प्रश्न विचारण्याआधी त्याचे नाव घेतो आणि तो माझ्याकडे पाहीपर्यंत थांबतो. शेजारच्या वर्गाचे पाढे आता चौथ्या तासाला होतात, तेव्हा आमचा खेळाचा तास असतो. यंत्र तो रोज लावून येतो. मागच्या महिन्यात पाऊस आला तेव्हा त्याने स्वतःच हात वर केला आणि म्हणाला, "सर, आता फळ्यावर लिहा."

ज्यांच्या घरी, गल्लीत किंवा वाडीवर असे एखादे मूल असेल, त्यांनी चहापानानंतर मला भेटावे. वांद्र्याच्या संस्थेचा पत्ता आणि अर्जाचे नमुने मी सोबत आणले आहेत.